माझा अनुभव, तुमची कोलांटउडी

महाराष्ट्रात एखादा आमदार या पक्षातून त्या पक्षात गेला की घराघरात नीतिमत्तेला उधाण येतं. खोके मोजले जातात, हॉटेलांची नावं घेतली जातात, गुवाहाटीच्या विमानाचं भाडं काढलं जातं. 'राजकारणात आता तत्त्व म्हणून काही उरलंच नाही,' असं म्हणत दाजी चहात बिस्कीट बुडवतात. मेहुणा नेमका तेव्हाच विचारतो, "पण दाजी, तुम्हीही आधी समाजवादीच होतात ना? मग वाजपेयींच्या सभांना जायला लागलात, मग टोपी घालून उपोषणाला बसलात..." दाजी बिस्कीट सावरत म्हणतात, "माझं वेगळं आहे. मला अनुभव आला."

अनुभवाची गंमतच अशी आहे की तो नेहमी आपल्यालाच येतो. दुसऱ्याला मिळते ती संधी.

नेत्यांसाठी निदान पक्षांतरबंदीचा कायदा आहे. 1985 साली बावन्नावी घटनादुरुस्ती करून तो आणला. एक तृतीयांश आमदार फुटले तर माफ, ही त्यातली पळवाट 2003 साली एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने बुजवली. तरी व्हायचं ते होतंच, पण निदान सुनावण्या तरी होतात. मतदाराला यातलं काहीच नाही. त्याला व्हिप नाही, अध्यक्षांची नोटीस नाही, सुप्रीम कोर्टाची तारीख नाही. तो हयातीत चार वेळा घर बदलतो आणि पाचव्यांदा स्वतःला तटस्थ म्हणवतो.

या प्रवासाला वयाचं एक झकास सर्टिफिकेट मिळतं. विशीत डावा नसेल तर हृदय नाही आणि चाळिशीत डावा असेल तर मेंदू नाही, अशा अर्थाचं सुभाषित सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी येतं आणि खाली चर्चिलसाहेबांची सही असते. चर्चिलसाहेब पंचविसाव्या वर्षी हुजूर पक्षाचे खासदार झाले, 1904 साली उदारमतवाद्यांच्या बाकावर जाऊन बसले आणि पन्नाशीला टेकल्यावर हुजूर पक्षात परतले. म्हणजे या सुभाषिताच्या हिशेबाने त्यांना विशीत हृदय नव्हतं, तिशीत ते उगवलं आणि पन्नाशीत पुन्हा गळालं. जाताना आणि येताना, दोन्ही खेपांना मंत्रिपद मिळालं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

तेव्हा वयाला मधे आणू नये. वय सगळ्यांचंच वाढतं. मत बदलतं ते माणूस व्यवहाराच्या या बाजूचा त्या बाजूला गेला की.

भाडेकरूचं बघा. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी गोठवली. 1999 साली नवा कायदा आला, त्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली, पण गोठलेल्या भाड्यावरचे चार टक्के म्हणजे मालकाच्या रिक्षाचेही पैसे नाहीत. गोठलेल्या भाड्याच्या काळात चाळीतल्या खोलीत वाढलेल्या एका गृहस्थांचं म्हणणं होतं की घर हा माणसाचा हक्क आहे आणि मालक ही समाजाला लागलेली जळू आहे. पुढे त्यांनी ठाण्याला दुसरा फ्लॅट घेतला. आता त्यांचा भाडेकरू अकरा महिन्यांपलीकडे टिकत नाही. महाराष्ट्रात करार केवढाही असो, तो नोंदवावाच लागतो, पण अकराचा आकडा त्यांच्या मनातून हलत नाही. "बारावा महिना लागला की हे लोक छातीवर बसतात," असं ते सांगतात. बॅचलर नको, कुत्रं नको, मासे तळणारे नकोत, आणि वकील तर मुळीच नको. हक्काचं काय झालं? हक्क आहे ना, तो आता त्यांचा आहे.

हेच गृहस्थ एके काळी धरणग्रस्तांच्या मोर्चात होते. विकासाच्या नावाखाली माणसं उठवणं हा अन्याय आहे, असं सांगताना त्यांचा गळा भरून यायचा. परवा त्यांच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. विषय एकच, पुनर्विकास. पूर्वी सत्तर टक्क्यांच्या वर संमती लागायची, 2019 च्या जीआरनंतर एक्कावन्न टक्क्यांवर भागतं. तळमजल्यावरच्या आजी सही करायला तयार नव्हत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: तीन वर्षं म्हणता म्हणता बिल्डर सात लावतो, तेवढं आयुष्य माझ्याकडे आहे का? सभेत शांतता पसरली. मग हे उठले आणि म्हणाले, "एका माणसासाठी सगळ्यांनी थांबायचं का?" हे वाक्य त्यांनी पूर्वी ऐकलेलं होतं. धरणाचा इंजिनिअर हेच म्हणायचा. तेव्हा यांनी त्याला खाली बसवलं होतं. परवा त्यांना खाली बसवायला कुणी नव्हतं, कारण सगळ्यांना जादा कार्पेट एरिया मिळणार होता.

मुलीच्या बाबतीत तर शास्त्रीय पुरावाच आहे. एबोनिया वॉशिंग्टन या अर्थतज्ज्ञ बाईंनी अमेरिकी संसदेतल्या प्रतिनिधींचं मतदान तपासलं आणि 2008 साली निष्कर्ष छापला: ज्यांना मुली जास्त, ते स्त्रियांच्या प्रश्नांवर जास्त उदार मत देतात. पक्ष तोच, मतदारसंघ तसाच, पण घरात मुलगी वाढली की बापाला काही गोष्टी दिसायला लागतात. वाचून बरं वाटलं. बाप हा सुधारण्याजोगा माणूस आहे, असं वाटलं.

मग आपल्या गावातल्या रजिस्ट्रार ऑफिसचा बाक आठवला. त्या बाकावर कोणत्याही कामाच्या दिवशी एक बहीण बसलेली असते. वडील गेलेले असतात. भाऊ शेजारी, दोन साक्षीदार पलीकडे, टायपिस्टने हक्कसोडपत्र तयार ठेवलेलं. "ताई, इथे अंगठा, इथे सही, आता कॅमेऱ्याकडे बघ." ताई कॅमेऱ्याकडे बघते. आई-बापांच्या जमिनीतला आपला वाटा 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी' सोडल्याचं ती लिहून देते. बाहेर आल्यावर वडा-चहा होतो, पुढे दिवाळीला साडी येते. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, साऱ्या देशाने 2005 साली दिला, आणि 2020 साली सुप्रीम कोर्टाने उरलीसुरली शंकाही मिटवली. त्या बाकाला यातलं काही कळलेलं नाही.

आता हाच भाऊ घरी येतो. त्याच्या मुलीचं लग्न झालेलं आहे आणि तिच्या नवऱ्याची बहीण वाटा मागते आहे की सोडते आहे, याकडे तो डोळ्यांत तेल घालून बघतो आहे. बहिणीने सोडला तर "संस्कारी घर आहे." स्वतःच्या मुलीचा विषय निघाला की मात्र हा गडी सावित्रीबाईंपासून सुरुवात करतो: मुलगा-मुलगी भेद आपण मानत नाही, आपलं सगळं तिला अर्धं. बापाला जे कळलं ते भावाला कळत नाही, आणि दोघं एकाच पायजम्यात राहतात.

आता गिरणगावात चला, कारण तिथे एकाच घरातल्या तीन पिढ्यांनी तीन झेंडे लावले. आजोबा लाल बावट्याचे. लालबाग-परळ तेव्हा कम्युनिस्टांचं घर होतं. 1970 च्या जूनमध्ये तिथले आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या आणि हरल्या. शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले, ते सेनेचे पहिले आमदार. मुलगा त्यांच्या विजयाच्या मिरवणुकीत नाचला. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाख कामगार गिरण्यांबाहेर आले, त्यात बाप आणि लेक दोघंही होते. तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही, तो नुसता विरत गेला. 1984 साली इंदिराबाईंच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना याच माणसांनी डॉक्टरांना लोकसभेत पाठवलं. नोकरी गेली होती, मत तेवढं शिल्लक होतं.

नातू लोअर परळला कामाला जातो. गिरणीच्याच जागेवर काचेची इमारत आहे, तिच्या चौदाव्या मजल्यावर. त्याचं मत ठाम: "युनियनवाल्यांनी मुंबईची वाट लावली. आजोबांनी संप केला नसता तर..." नसता तर काय, हे तो सांगत नाही. आजोबांना बोनस मिळाला असता आणि त्याला चौदावा मजला मिळाला नसता, एवढंच.

मग 2025 चा जुलै उजाडला. टीसीएसने आपल्या माणसांपैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं आणि साऱ्या आयटीच्या पोटात गोळा आला. पुण्याच्या एका संघटनेने केंद्रीय कामगारमंत्र्यांपर्यंत तक्रार नेली. ज्यांच्या कंपनीत काहीच झालं नव्हतं, त्यांनीही कामगार आयुक्तालय कुठे आहे ते शोधून ठेवलं. तिकडे प्रोजेक्ट नाही म्हणून बेंचवर बसलेला नातू वकिलाला विचारत होता की कार्डावर 'मॅनेजर' छापलेलं असलं तरी कायद्याने आपण कामगारच ठरतो, हे कोर्टात सिद्ध करता येईल का. आजोबांना हे सिद्ध करावं लागलं नव्हतं. त्यांच्या अंगावर कापसाचे तंतू असायचे.

सरकारने काय करावं आणि काय करू नये, या विषयावर तर आपला अनुभव महिन्याच्या एक तारखेला बदलतो. शाळेच्या शिक्षक खोलीत बसून बघा. फुकट धान्यामुळे लोक आळशी झाले, शेतमजूर मिळेनात, सरकारने खैरात बंद करून सगळं बाजारावर सोडावं, असं एकमताने ठरतं. मग कुणीतरी पेन्शन काढतं. 1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्य सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यांचे पैसे बाजारात गुंतवले जातात. म्हणजे जे गरिबांच्या बाबतीत करा म्हणत होते, ते यांच्या बाबतीत होऊन बसलं. 14 मार्च 2023 ला राज्यभरातले कर्मचारी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संपावर गेले. मागणी खोटी नव्हती. म्हातारपणी शेअर बाजाराच्या भरवशावर राहायचं म्हणजे धडकी भरतेच. पण बाजारावर सोडलेल्या माणसाला धडकी भरते हे त्या खोलीला कळायला स्वतःची सॅलरी स्लिप लागली. त्याच आठवड्यात काही बेरोजगार पोरं 'आम्हाला द्या, अर्ध्या पगारात करतो' म्हणत बाहेर पडली. तीही पुढे कायम झाली की याच खोलीत येऊन बसतील.

रेवडीचं तसंच. 2024 च्या उन्हाळ्यात लाडकी बहीण योजना जाहीर झाली. महिना दीड हजार, वय एकवीस ते पासष्ट, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. टीव्हीवर रेवडी संस्कृतीवर चर्चा चालू होती आणि चर्चा बघणारे आवाज बारीक करून बायकोच्या आधारला बँक खातं जोडत होते. पुढच्या वर्षी छाननी झाली तेव्हा यादीत दोन हजारांहून जास्त सरकारी महिला कर्मचारी निघाल्या. त्यांचं एक वेळ समजू शकतं. चौदा हजारांवर पुरुषही निघाले. चौदा हजार महाराष्ट्रीय पुरुषांना आपण बहीण असल्याचा अनुभव आला, आणि तो घ्यायला त्यांना कुठलंही अमेरिकी संशोधन लागलं नाही.

गुणवत्तेच्या पुजाऱ्यांनाही विसरून चालणार नाही. 1990 साली मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करायची घोषणा झाली, तेव्हापासून ते एकच आरती म्हणत आले: सवलती नकोत, गुणवत्ता हवी. पोराला कॅपिटेशन भरून मेडिकलला घालताना ती आरती थोडी हळू म्हटली गेली, एवढंच. 2019 च्या जानेवारीत एकशेतिसरी घटनादुरुस्ती झाली आणि आरक्षण नसलेल्या घटकांतल्या आर्थिक दुर्बलांना दहा टक्के मिळाले. मर्यादा वर्षाला आठ लाखांची. दुसऱ्या दिवशी पुजारी सेतू केंद्राच्या रांगेत. हातात फॉर्म सोळा, चेहऱ्यावर दुर्बलता. "साहेब, सात लाख नव्वद बसवता येईल का?" आता त्यांचं म्हणणं असं की गुणवत्ता महत्त्वाची आहेच, पण परिस्थितीही बघायला हवी. हे दुसरं वाक्य समोरचा पन्नास वर्षं सांगत होता.

काहींना अनुभव घ्यायला सातासमुद्रापलीकडे जावं लागतं. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेसाठी मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली. तेव्हा दादरच्या कट्ट्यावर 'बरं झालं, आमच्या नोकऱ्या आमच्या पोरांना' म्हणणारा एक पोरगा आता न्यू जर्सीत राहतो. तिकडच्या गणपतीत ढोल वाजवतो, मराठी शाळा चालवतो, चांगलं काम आहे. 2025 च्या सप्टेंबरात ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी व्हिसासाठी एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. कारण सांगितलं, अमेरिकी नोकऱ्या अमेरिकी पोरांना. कट्ट्यावरच्या पोराने रात्री दोनला भलीमोठी पोस्ट लिहिली. स्थलांतरितांनीच देश उभा राहतो, बाहेरचा माणूस पोट भरायला येतो, हिसकावून घ्यायला नव्हे, आणि भूमिपुत्र ही संकल्पनाच मागासलेली आहे, असं त्यात होतं. पोस्टला दादरहून पाचशे लाइक्स आले. पाटण्याहून एकही नाही. तिकडे ती कुणी पाठवलीच नव्हती.

अनुभवाला सरकारी दर लागू शकतो, हेही महाराष्ट्राने सिद्ध केलं आहे. 25 जून 1975 ला आणीबाणी लागली, हजारो माणसं मिसा कायद्याखाली तुरुंगात गेली. त्यांच्यातल्या कित्येकांची मतं तिथेच घडली. येरवड्याच्या एकाच बराकीत समाजवादी आणि संघवाले शेजारी-शेजारी झोपले, बाहेर येऊन जनता पक्षात एकत्र बसले, आणि मग दुहेरी सदस्यत्वावरून भांडून पांगले. हा खरा अनुभव होता, त्यावर थट्टा नाही. थट्टा पुढे आहे. 2018 साली राज्य सरकारने ठरवलं की महिन्याहून जास्त काळ तुरुंगात असलेल्यांना दरमहा दहा हजार आणि त्याहून कमी काळवाल्यांना पाच हजार मानधन द्यायचं. 2020 साली महाविकास आघाडीने ते बंद केलं. 2022 साली शिंदे सरकारने सुरू केलं. 2025 साली ते दुप्पट झालं. तुरुंगवास पन्नास वर्षांपूर्वीचा, तोच, पण मुख्यमंत्री बदलला की त्याची किंमत शून्य होते, मग दहा हजार होते, मग वीस हजार. त्यातली मेख अशी की आणीबाणीला बाळासाहेब ठाकरे यांचा पाठिंबा होता. त्यांचा वारसा सांगणाऱ्या एका मुख्यमंत्र्याने मानधन थांबवलं आणि तोच वारसा सांगणाऱ्या दुसऱ्याने पुन्हा सुरू केलं. इतिहासाबद्दल दोघांचंही मत बदललेलं नव्हतं. मांडीला मांडी लावून बसलेला तेवढा बदलला होता.

हे सगळं वाचून शहरी वाचक म्हणेल, खेड्यातला माणूस तरी अनुभवावर मत देतो. देतो की. कांद्याचंच घ्या. 2023 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसवलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, आणि ऐन निवडणुकीत, 2024 च्या मे महिन्यात, ती अटी घालून उघडली. लासलगावात भाव कोसळले. तेव्हा दादरच्या भाजी मार्केटात काकू कांदा स्वस्त झाला म्हणून सरकारला आशीर्वाद देत होत्या. लोकसभेला कांदापट्ट्याने हिशेब चुकता केला, दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या, आणि राज्यातल्या 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीला गेल्या. विश्लेषकांनी लिहिलं की ग्रामीण महाराष्ट्राचं मत मुळापासून बदललं आहे. 23 नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला तेव्हा 288 पैकी 230 जागा महायुतीच्या होत्या. मुळापासून बदललेलं मत सहा महिन्यांच्या आत मुळापर्यंत परत आलं. मधल्या काळात दीड-दीड हजारांचे पाच हप्ते खात्यावर पडले होते. विश्लेषकांनी पुन्हा लिहिलं. ते तरी काय करणार, त्यांचंही मानधन आहे.

कांद्याच्या गोष्टीत एक माणूस असा आहे की त्याच्यापाशी थोडं थांबावं लागतं. शरद जोशी टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी, पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत. पगार संयुक्त राष्ट्रांच्या दर्जाचा, हवा आल्प्सची. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते सगळं सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसले. तोवर सुशिक्षितांचं ठरलेलं होतं की शेतकरी गरीब का, तर तो अडाणी, व्यसनी, कर्जबाजारी आणि लग्नात उधळणारा. जोशींनी स्वतःच्या शेतावर वही घातली. बी, खत, मजुरी, वाहतूक, हमाली, तोलाई, सगळं लिहिलं. कष्टाला कमी नाही, दारू नाही, उधळपट्टी नाही, तरी वही तोट्यात. त्या वहीतून त्यांना कळलं की शेतमालाला भाव मिळू न देणं हे धोरणच आहे, आणि त्यातून शेतकरी संघटना उभी राहिली. चाकणच्या कांदा आंदोलनात त्यांनी रस्ता अडवला.

म्हणाल, यात काय विशेष, हाही व्यवहाराच्या बाजूनेच बोलला, शेतकरी झाला आणि भाव मागायला लागला. फरक एवढाच की ही बाजू त्यांच्या वाट्याला आलेली नव्हती. ते आपल्या पैशाने तिकडे गेले, आणि तोट्याच्या बाजूला गेले. पुढे 1986 साली चांदवडला बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं, मग लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्यावा. सरकारकडे भाव मागणाऱ्या शेतकऱ्याला त्यांनी विचारलं की घरातल्या राबणारीला तू काय भाव देतोस? आणि हजारो शेतकऱ्यांनी खरंच सातबाऱ्यावर बायकांची नावं चढवली. त्या आधी सांगितलेल्या बाकावर सह्या उलट दिशेने झाल्या.

लगेच पुतळा उभारायला चंदा गोळा करू नका. याच शरद जोशींनी 9 मार्च 2010 ला राज्यसभेत महिला आरक्षणाच्या विधेयकाविरुद्ध मत दिलं. बाजूने 186, विरुद्ध 1. तो एक म्हणजे ते. फिरत्या मतदारसंघांच्या पद्धतीवर त्यांचा आक्षेप होता. पटो न पटो. पण त्या मतातून त्यांना मंत्रिपद मिळणार नव्हतं, कुठल्या यादीत नाव लागणार नव्हतं, टाळी तर मुळीच पडणार नव्हती. माणूस चुकला असेल, विकला गेला नव्हता, एवढं त्या आकड्यावरून सांगता येतं. आपल्यापैकी कितींच्या मतांबद्दल असा आकडा दाखवता येईल?

म्हणून मत बदलणाऱ्याला नावं ठेवू नयेत. आयुष्यभर एकच मत बाळगणारे बहुधा विचार करणं टाळत असतात, किंवा त्यांची नोकरीच त्या मतावर असते. आजारपण, कर्ज, पोरीचं सासर, पोराची बेकारी, इस्पितळातली रात्र, यातून माणूस काही शिकलाच नाही तर तो माणूस कसला? हरकत शिकण्याला नाही. शिकवणी नेहमी आपल्याच फायद्याची कशी निघते, याला आहे. चाळीतून टॉवरात गेलेला माणूस टॉवराचे धडे शिकतो, चाळीचे विसरतो. टॉवरातून चाळीत आला तर त्याला चाळीचे एका रात्रीत आठवतात. याला अनुभव म्हणायचं असेल तर म्हणा, फक्त मग त्या आमदारालाही गद्दार म्हणू नका. त्यालाही ईडीच्या नोटिशीने अनुभवच दिला होता.

खरा अनुभव ओळखायची खूण सोपी आहे. नव्या मताने खिशातून काही गेलं का, ते बघायचं. भाड्यात सूट द्यावी लागली, सही न करणाऱ्या आजींच्या बाजूने सभेत उठावं लागलं, बहिणीचं नाव सातबाऱ्यावर राहू द्यावं लागलं, कट्ट्यावर दोन मित्र तुटले, तर मत बदललं समजायचं. काहीच गेलं नसेल आणि उलट चार पैसे आले असतील, तर ती बढती आहे. तिचे पेढे वाटावेत, तत्त्वज्ञान सांगू नये.

पुढच्या वेळी उमेदवार दारात हात जोडून उभा राहिला की 'तुम्ही आमच्यासाठी काय करणार' हे विचारू नका, ते त्याला पाठ असतं. एवढंच विचारा: आमच्या सोयीची कुठली गोष्ट तुम्ही करणार नाही? जो खरं उत्तर देईल त्याचं डिपॉझिट जप्त होईल. जप्त करणारे आपणच असू, आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसून म्हणू की चांगली माणसं राजकारणात येतच नाहीत.